शनिवारचं उसनं लेकरू

बोरगाव मेघेच्या त्या गल्लीत कार चालवणारी सून एकच, ती म्हणजे रंजिता. गल्ली हे एखाद्या वेळी विसरायची, रंजिता कधीच नाही. तिचा नवरा आदेश भाजीच्या मळ्यात ट्रॅक्टर डोळे मिटून फिरवायचा, पण कारमध्ये बसला की त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे आणि त्याला घाम फुटायचा. म्हणून जुनी अल्टो घेतली ती रंजिताच्याच भरवशावर. दर शनिवारी ती वर्ध्याच्या नव्या मार्टला जायची, घरचं सामान आणायची, शेजारणींचं आणायची, आणि परत येताना गल्लीच्या तोंडाशी काही गरज नसताना हॉर्न वाजवायची.

मार्टच्या दाराला लागून, पत्र्याच्या शेडखाली, एक जागा राखून ठेवलेली होती. पाटीवर लिहिलं होतं, 'लहान मूल सोबत असलेल्या पालकांसाठी', आणि खाली पोराचा हात धरून उभ्या असलेल्या बाईचं चित्र होतं. बाकी सगळ्यांनी गाड्या उन्हात लावायच्या. वर्ध्याच्या वैशाखात उन्हातल्या गाडीत परत येऊन बसणं म्हणजे तापल्या तव्यावर बसणं. ही पाटी लागली तेव्हा रंजिताला ती फार पटली होती. एकदा एक तरुण एकटाच तिथे गाडी लावताना दिसला, तर तिने काच खाली करून त्याला विचारलं होतं, "काऊन भाऊ, लेकरू डिक्कीत ठेवलं का?" हे वाक्य तिने घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं, आणि जे तेव्हा घरी नव्हते त्यांना संध्याकाळी पुन्हा ऐकवलं.

आणि मग तिला दिवस गेले.

"तीन महिने भरेपर्यंत कोणाजवळ बोलाचं नाई," सासू शालूबाईंनी बजावलं. "माहेरीबी नाई. नजर लागते."

रंजिताचा नजरेवर विश्वास नव्हता, पण गप्प राहण्याला तिची ना नव्हती. दोन वर्षांपूर्वी आदेशने दुसऱ्याच महिन्यात गल्लीभर पेढे वाटले होते, आणि ते टिकलं नव्हतं. टिकलं नाही त्याचं दुःख होतंच. पण त्यानंतर सांत्वन करायला जी गल्ली आली, ती रंजिताला अजून आठवायची. जी यायची ती चहा प्यायची, सुस्कारा सोडायची आणि काहीतरी विचारायची. पपई खाल्ली का? पायऱ्या चढलीस का? सगळ्यांत आधी आल्या होत्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या शोभाबाई. त्यांनी विचारलं होतं, "गाडी काऊन चालवली बेटा?" त्या प्रश्नानंतर रंजिताने आतून कडी लावली ती कितीतरी दिवस काढली नाही. यावेळी काही बरंवाईट झालंच, तर ते घरातल्या माणसांतच राहावं, एवढंच तिला हवं होतं. दुसऱ्यांदा ते प्रश्न ऐकण्याची ताकद तिच्यात नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गाडी चालवा, काही होत नाही, पण उन्हात फिरू नका आणि जड उचलू नका. आता शनिवारचं मार्ट बंद करावं, तर गल्ली लगेच विचारणार, काऊन वं, बरं नाई का? म्हणजे जाणं भाग होतं.

पहिल्या शनिवारी ती त्या पाटीसमोर गाडी उभी करून विचार करत बसली. मूल सोबत आहे का? आहे. इतकं सोबत तर कोणाचंच नसेल. पण आपण पालक आहोत का? इथे मात्र ती अडली. मागच्या वेळी तिने स्वतःला फार लवकर आई म्हणवून घेतलं होतं. आता पुन्हा ते म्हणायची भीती वाटत होती, आणि एका पाटीने ते म्हणायला लावावं याचा तिला रागही आला. तेवढ्यात वॉचमन प्रेमदास खिडकीशी आला.

"मॅडम, लेकरू कुठी आहे?"

डिक्कीतलं वाक्य असं फिरून तिच्याच खिडकीशी आलं होतं. "चुकलं भाऊ," म्हणत तिने गाडी मागे घेतली आणि पार टोकाला, उन्हात नेऊन लावली. दार उघडून बाहेर पाय ठेवला आणि मागच्या चाकापाशी बसून भडाभडा ओकली. प्रेमदास पाण्याची बाटली घेऊन धावत आला.

"गाडी लागली वाटते," रंजिता म्हणाली.

प्रेमदासने मान हलवली. स्वतः चालवणाऱ्या माणसाला गाडी लागत नाही, हे रंजिताच्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर.

पण हार मानेल ती रंजिता कसली. लेकरू पाहिजे ना? आणू. शेजारच्या जयाताईंची मेघा पाच वर्षांची होती. "मेघाले घेऊन जाऊ का मार्टात? तिलेबी फिरणं होईन," रंजिताने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. याआधी तिने कोणाच्याही पोराला गाडीत घेतलं नव्हतं, कारण सीटवर पाय लागतात. जयाताईंनी कपाळाला आठीसुद्धा न पाडता मेघाची वेणी घातली, तोंडाला पावडर फासली आणि तिला आणून गाडीत बसवलं. रंजिताला वाटलं, काय आपलं डोकं चालतं!

मार्टवर पोचली तेव्हा त्या राखीव जागेत प्रेमदासची प्लास्टिकची खुर्ची मधोमध ठेवलेली. हा माणूस सावली पाहून बरोबर तिथेच बसतो, असं म्हणत तिने तोंड वाकडं केलं. प्रेमदासने तिला पाहताच खुर्ची उचलली, मेघाकडे एकदा बघितलं आणि सलाम ठोकला. गाडी सावलीत लागली. पत्र्याखालचा तो थोडासा गारवा रंजिताला इतका गोड लागला की ती मिनिटभर स्टिअरिंगवर डोकं टेकून तशीच बसली.

योजनेत एकच खोट होती, ती म्हणजे मेघा. ही मुलगी मार्टात चालत नसे. "पाय दुखते काकू, कडेवर घे." नाही म्हटलं की ती फरशीवर फतकल मारायची. म्हणजे ऊन लागू नये म्हणून सावलीत गाडी, सावलीसाठी लेकरू, आणि लेकराला शांत ठेवायला रंजिता ते जड उचलून बिस्किटांपासून साबणापर्यंत हिंडणार. डॉक्टरीणबाईंनी जे करू नका म्हटलं होतं तेच करायला ती दर शनिवारी मुद्दाम शेजारून वजन मागून आणत होती. हे तिला कळत होतं. पण एकदा मोठ्या अकलेने काढलेली युक्ती टाकून देणं फार जिवावर येतं. शेवटी तिने मेघाला ट्रॉलीत बसवायला सुरुवात केली. त्यावर मेघाने चॉकलेटचा भाव वाढवला.

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी काउंटरवरची मुलगी कौतुकाने मेघाला म्हणाली, "मम्मीसोबत आली का तू?"

"ही माही मम्मी नाई," मेघा खणखणीत आवाजात म्हणाली. "ही काकू आहे. मले गाडी लावाले आणते."

सगळी रांग हसली. रंजिताही हसली, दुसऱ्या कोणाची फजिती पाहून हसावं तशी, आणि सुटे पैसे तिथेच विसरून निघून आली.

या सगळ्यात तिला खरी धास्ती होती शोभाबाईंची. शोभाबाईंच्या कानावर गेलेली गोष्ट आठवडी बाजाराच्या आत पलीकडच्या सिंदी मेघे गावापर्यंत पोचते, असा त्यांचा लौकिक होता. त्यातून मार्ट निघाल्यापासून त्यांचं गिऱ्हाईक तुटलेलं. "मेली तरी त्या मार्टाची पायरी चढणार नाई," असं त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. म्हणून रंजिता मार्टच्या थैल्या मागच्या बोळातून घरात न्यायची आणि मग साळसूदपणे शोभाबाईंच्या दुकानावर येऊन मिठाचा एखादा पुडा घ्यायची.

इतक्या दिवसांत शोभाबाईंनी तिला काही म्हणून विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "ऊन लय आहे बेटा, सांभाळून जाजो." आणि एकदा पुड्यासोबत दोन कैऱ्या ठेवल्या. "घरच्या झाडाच्या आहे. मले दातानं खाल्ल्या जात नाई." रंजिताने त्या कैऱ्या घरापर्यंतही नेल्या नाहीत, वाटेतच एक फस्त केली आणि आदेशला म्हणाली, "पाह्यलं? शोभाकाकूलेबी पत्ता लागू देला नाई मी. पोलिसात पाह्यजे होती मी."

आदेश बायकोकडे बघत राहिला. त्याला बहुधा काहीतरी बोलायचं होतं, पण तो ट्रॅक्टरकडे गेला.

तीन महिने भरले. सोनोग्राफीत सगळं नीट निघालं. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले तेव्हा रंजिता रडली नाही, पण घरी येऊन पोळ्या लाटताना तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. शालूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाल्या, "आता सांग, कोणाले सांगाचं त."

रंजिताने ठरवलं, पहिला मान त्या पाटीचा. शनिवारी ती एकटीच निघाली. वाटेत पेढे घेतले. मार्टवर पोचली तर खुर्ची होती तिथेच. प्रेमदासने ती उचलली, पण रंजिता गाडी आत घेईना. तिने काच खाली केली. रात्रभर घोकलेलं भाषण होतं तिच्याजवळ.

"प्रेमदासभाऊ, आज माह्यासोबत लेकरू नाई दिसणार तुमाले. पण आहे. मी गरोदर आहे. आता तुमीच सांगा, ही जागा मले चालते का नाई?"

"चालते ना मॅडम. म्हून त खुर्ची ठेवतो."

"म्हणजे?"

"तुमच्यासाठीच ठेवतो न दर शनवारी. नाईतर कोणीबी येऊन घुसवते इथी गाडी."

रंजिताने मान खिडकीबाहेर काढली. "तुमाले कोणं सांगतलं?"

"तुमच्या गल्लीतल्या शोभाबाईनं. तुमी तिकडे ओकल्या न, तो किस्सा मी सहज त्यायच्या दुकानावर सांगतला, मी तंबाखू तिथूनच घेतो. त्यायनं दुसऱ्या दिवशी इथी येऊन मले दम देला. म्हणे, आमची रंजिता येईन तवा तिची गाडी उन्हात लागली नाई पाह्यजे. अन् तिले एक शबुद इचारशीन त याद राख." प्रेमदासने खुर्ची भिंतीशी लावली. "लेकरू आणाची काई जरूरत नोती मॅडम. पण मले बोलाले मनाई होती."

रंजिताने गाडी आत घेतली आणि शेडखाली बसून राहिली. एकेक शनिवार तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागला. जयाताईंची न विचारता घातलेली वेणी. कैऱ्या. आदेशचं ट्रॅक्टरकडे जाणं. लाजेने तिचे कान तापले आणि त्याच वेळी तिला जोराचं हसू आलं. सामान न घेताच तिने गाडी वळवली.

शोभाबाई दुकानात तूरडाळ मोजत होत्या. रंजिताने पेढ्यांचा डबा त्यांच्यासमोर धरला. "काकू, तुमाले एक गोष्ट सांगाची होती."

शोभाबाईंनी ताबडतोब छातीला हात लावला. "अगं बाई! खरंच का?" रंजिताने अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"काकू, तुमी मार्टात गेलत्या?"

शोभाबाईंनी डाळीचं माप पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. "पायरी नाई चढली मी. गेटापाशीच उभी होती."

"मंग मले काऊन नाई बोलल्या?"

शोभाबाई डाळीत बोटं फिरवू लागल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मागच्या टायमाले बोललीच न मी. गाडी काऊन चालवली, म्हणलं. घरी गेल्यावर समजलं मले, काय बोलून बसली त. तू दार लावून घेतलं होतं, मी दोनदा येऊन परतली. यावेळेस साऱ्याइले सांगतलं, कोणी तोंड उघडाचं नाई. तिचं ती सांगन तवा सांगन. अन् नाई सांगतलं, तरी इचाराचं नाई."

ज्या बाईच्या तोंडाला सगळी गल्ली घाबरायची, तिने इतके दिवस ही गोष्ट पोटात ठेवली होती आणि सगळ्या गल्लीला ठेवायला लावली होती. रंजिता दुकानाच्या पायरीवर बसली आणि रडली. दोन वर्षांपूर्वी जे रडणं तिने कडीआड दाबून ठेवलं होतं, तेही त्यात आलं. शोभाबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं, स्वतःचं पुसलं, आणि एक पेढा अर्धा करून दोघींच्या तोंडात घातला.

"अन् एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "मार्टाच्या थैल्या आता सामोरून नेत जाय. मागच्या बोळात चिखल राह्यते, पाय घसरन तुहा."

रंजिता गाडीत बसली. गल्लीच्या तोंडाशी सवयीने तिचा हात हॉर्नवर गेला. मग तिने तो काढून घेतला. कळायचं राहिलं होतं तरी कोणाला?