ज्ञानबाचं मरण, रीळ सातवं

बोलपट आले आणि मूकपट मातीमोल झाले, तसा पेठेतला सूतवाला चनमल्लप्पा भलताच खूश झाला. गावोगाव तंबूत चित्रं दाखवणाऱ्यांनी भंगारात काढलेली रिळं तो पोत्यांनी घरी आणू लागला. बायको नागव्वा म्हणायची, पांढरं सूत विकून ह्यांनी हे काळं सूत घरात भरलंय. त्यातही एका लढाईच्या चित्रापायी गडी पार येडा झाला होता. साऱ्या मुलखात त्याची एकच प्रत उरलेली, रिळं सात, आणि ह्याच्याकडं सहा! ऐन रणधुमाळीत पडदा पांढराफटक पडायचा आणि ह्याचा जीव तळमळायचा.

मग एका तंबूवाल्याकडून कळलं, की सातवं रीळ जेऊरला केराबाई धनगरणीच्या धान्याच्या कणगीत आहे. चनमल्लप्पा यंत्र, दिवा, चादर घेऊन आगगाडीत बसला.

भानगड अशी होती. हे चित्र काढलं जेऊरच्याच माळावर, आणि सैनिक म्हणून उभे केले गावचे धनगर. केराबाईचा नवरा ज्ञानबा त्यात तलवारीनं मरतो. पुढं तंबूत तिनं ते पाहिलं, हंबरडा फोडला, आणि रीळच काखोटीला मारून घरी आणलं. जाळावं तर धन्याला अग्नी दिल्यासारखं, म्हणून कणगीत पुरलं.

“माझं कुंकू शाबूत हाय,” चनमल्लप्पानं रीळ मागताच ती म्हणाली, “अन् तुमी ह्यांला गावोगाव मारत फिरणार व्हय?”

ज्ञानबा शेजारी बसून भाकरी खात होता.

चनमल्लप्पानं लुगडं देऊ केलं, हातापाया पडला. बाई ढिम्म. शेवटी तो म्हणाला, एकदाच लावू द्या, मेलेला माणूस उठवून दाखवतो.

झोपडीला घोंगड्या लावून अंधार केला. चनमल्लप्पानं रीळ शेवटाकडून अडकवलं आणि यंत्राचा दांडा उलटा फिरवला. ज्ञानबा धुळीतून ताडकन उभा राहिला. पोटातली तलवार निघून वैऱ्याच्या म्यानात गेली. मागोमाग सगळी मढी उठली, आणि दोन्ही फौजा मागं मागं चालत आपापल्या घरी गेल्या. केराबाई हसून हसून लोळली, ज्ञानबाला ठसका लागला. चनमल्लप्पालाही इतकं हसू आलं, की डोळे पुसताना कोण जिंकलं ते बघायचंच राहिलं.

रीळ मिळालं, पण गळ्यातल्या इष्टलिंगाची शपथ घेऊन: हे कायम उलटंच फिरवायचं.

आता मुंबई-पुण्याचे शौकीन त्याच्याकडं येतात, सहा रिळं सुलटी बघतात, सातवं उलटं, आणि हसत उठतात. एकदा घरात कुणी नसताना चनमल्लप्पानं शपथ बाजूला ठेवून दांडा सुलटा धरलाही. चादरीवर ज्ञानबा उभा होता, धडधाकट, मिशीत हसत. चनमल्लप्पाचा हात काही धजेना.