आईच्या नोंदीतली लिंक

“मॅडम, लेकराला आईच्या नोंदीत टांगू नका. बाई बाळंतपणाला माहेरी जाती, आन इकडं तिची नोंद बंद व्हती,” सुमनबाई मला म्हणाल्या होत्या. त्या आमच्या संस्थेसाठी गावोगाव फिरून बाळांची वजनं करतात. मी संगणकाची पदवीधर.

“मग काय सरपंचाच्या नोंदीत टांगू?” मी म्हणाले. सगळे हसले. पाचव्या महिन्याचं पोट सावरत मीही हसले.

विषयच तसा गहन होता. संस्थेकडं दोन सॉफ्टवेअर, एक गरोदर बायांचं आणि एक बाळांचं. दोन्ही जोडायची होती. कोणतं बाळ कोणत्या आईचं ही लिंक ठेवायची कुठं, यावर सेलूच्या ऑफिसात तीन बैठका झाल्या आणि दोन किलो भजी संपली. शेवटी मी निकाल दिला, “आईकडं. मूल आईजवळच असतं.” आमचे प्रमुख योगीराज सर तर भारावूनच गेले.

हे सगळं कशासाठी? तर जन्मतः वजन कमी असलेल्या बाळाकडं दर आठवड्याला कुणीतरी काटा घेऊन जावं म्हणून. कोण जाणार, हे आईच्या गावावरून ठरायचं. आणि गाव कळायचं लिंकवरून.

सातव्या महिन्यात, सगळ्या जातात तशी, मीही माहेरी पोखर्णीला गेले. गरोदर बायांच्या यादीत मीही होतेच; इकडं माझ्या नोंदीवर ‘स्थलांतरित’ असा शिक्का पडला. बंद नोंद कुणालाच दिसू नये, यादी कशी स्वच्छ राहते, हा नियमही माझाच. मी किती हुशार, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

लेक पाच महिन्यांची झाल्यावर कामावर परतले. घरात तीन थर्मामीटर ठेवणारी, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी मी. पहिल्याच दिवशी लसीची तारीख बघायला तिची नोंद उघडली. आईचं नाव: रिकामं. आईचं गाव: रिकामं.

लगेच यादी काढली. आई नसलेली अडतीस बाळं! सगळ्यांच्या आया माहेरी गेलेल्या, नोंदी बंद, आणि लिंक त्या बंद नोंदींतच. गाव नाही, म्हणून कुणाच्याच यादीत नाव नाही. तीन-चार महिने त्यातल्या कमी वजनाच्या बाळांकडं काटा गेलाच नव्हता.

“सुमनताई, माझ्या पोरीला आईच न्हाई हो यात!” मी फोनवर रडकुंडीला आले.

“तुमचं लेकरू तुमच्या मांडीवर हाय, मॅडम. बाकीचे बघा.”

त्या वही घेऊन आल्या. एका ओळीत आई, बाळ, सासर, माहेर, भावाचं नाव. ना आईची वही, ना बाळाची. दोघांना जोडणारी तिसरीच. याला उत्तम रचना म्हणतात हे मला कॉलेजात शिकवलं होतं. सुमनबाईंना कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्यांनी ती केली.

वहीवरून तीन दिवसांत सदतीस घरं सापडली. दोन बाळांना दवाखान्यात हलवावं लागलं. लिंक आता वेगळ्या जागी ठेवलीय, दोन्हीकडून दिसते. योगीराज सरांनी बैठकीत माझं अभिनंदन केलं. सुमनबाई भजी खात होत्या.

एक बाळ राहिलंय. दिपालीचं. जन्मतः एक किलो सातशे. आता तीन महिन्यांचं असेल. वहीत लिहिलंय: ‘माहेर पूर्णेकडं, भाऊ बिरू, मेंढ्या.’ फोन बंद.

“गाव कोणतं?” मी विचारलं.

“मेंढ्या बसतील तितं माहेर,” सुमनबाई म्हणाल्या. “तुमच्या कॉम्प्युटरात हाय का असं गाव?”

दोनदा पूर्णेला जाऊन आले, पोरीला कडेवर घेऊन. कळप पुढं सरकलेला.

तुम्ही त्या बाजूचे असाल, आणि कुणाच्या रानात मेंढ्या बसलेल्या दिसल्या, तर जरा थांबा. बिरूची बहीण दिपाली हाय का, विचारा. असली तर मायलेकराला जवळच्या दवाखान्यात न्या, बाळ काट्यावर ठेवा. आणि अंगावर पितंय का, तेवढं नीट बघा.