पाहुण्यांचे बूट

गेटवरच्या लोखंडी कपाटात पाहुण्यांसाठी बुटांचे सहा जोड होते, सगळे साहेबांच्या मापाचे. पुढे पोलादी टोपी, जाड तळ, आणि वजन असं की घालणारा चार पावलांत घामाघूम. मुलुंडच्या आमच्या फाउंड्रीत बाहेरचं माणूस आलं की त्याच्या पायात ते चढवायचे, ही माझी ड्यूटी. मी दशरथ, गेटकीपर. या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

खंडेनवमीला मात्र माझं काही चालायचं नाही. त्या दिवशी भट्टीची पूजा, कामगारांच्या बायका नटूनथटून यायच्या. नऊ नंबरचे बूट त्यांच्या पायांत कसे बसणार? बायकांच्या मापाचे जोड द्या म्हणून मी चार वर्षं ऑफिसच्या मागे लागलो होतो. पंच्याऐंशी साली एकदाचा एक जोड आला. एकच.

तो मी माझ्या वनमालेसाठी राखून ठेवला. स्वार्थ म्हणा हवं तर, होताच. तिला साखर होती. पाय बधिर झालेत, जखम झाली तरी हिला कळणार नाही, असं डॉक्टरनं मला बजावलं होतं.

साडी सावरत ती बूट घालून निघाली तेव्हा बायका खो खो हसल्या. धोंडू मोल्डरची शेवंती म्हणाली, "काय गो वनमाले, मिलिटरीत भरती झालंस?" वनमालाही हसली. पण भट्टीच्या दारात सगळ्यांनी चपला काढल्या, तशी तीही बूट काढायला वाकली.

"वनमाले, घाल ते पायात!" मी ओरडलो.

"अहो, देवासमोर चामडा घालून कशी जातलंय? दोन मिन्टांचा काम."

मी तिला जाऊ दिलं. जमीन झाडलेली, वर रांगोळी. म्हटलं, आज कसली लोखंडाची कपची राहणार तिथे? आणि खरं सांगतो, मीही माझे बूट काढूनच उभा होतो.

बाहेर येताना पायरीवर तिची लाल पावलं उमटली. शेवंती म्हणाली, "कुकवात पाय पडलो मगे तुजो. लक्ष्मी इली गो कंपनीत!" दोघीतिघींनी हात जोडले. मीही जोडले. मूर्ख माणूस! घरी पाय धुताना तिच्या टाचेतून नखाएवढी बिडाची कपची निघाली.

दिवाळीच्या आत तिचा पाय घोट्यावरून कापला.

मग ऑफिसला जाग आली. बायकांच्या मापाचे पंधरा जोड आले, बुटाशिवाय आत जाऊ नये अशी पाटी लागली. प्रत्येक जोड मी फडक्यानं पुसून कपाटात लावला. पुढच्या नवमीला कपाट सताड उघडून गेटवर उभा राहिलो, तर एकीनंही बुटाला हात लावला नाही.

"नको भावजी," शेवंती म्हणाली. "वनमाला बूट घालून इली, ता देवाक खपला नाय."

माझं डोकंच फिरलं. "अगो, बूट काढले म्हणान पाय गेलो तिचो! काढले म्हणान!"

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि बाकीच्या बायकांना घेऊन ती आत गेली.

तिच्यावर तरी काय चिडायचं? त्याच सकाळी वनमालेनं खाटेवरून माझ्या हातात नारळ दिला होता. वर्षभर मी हिला समजावतोय, ही नुसती मान हलवते. म्हणाली, "ह्यो भट्टीक वाहा. आणि माझ्या वतीन माफी मागा. बूट घालून गेलेलंय ना मी. माझी शपथ आसा तुमका."

आत आरतीची घंटा वाजू लागली. भट्टीच्या दारात चपलांची रांग लागली होती. मी रांगेच्या शेवटी माझे बूट काढले, नारळ घेऊन अनवाणी भट्टीपुढे गेलो आणि बायकोच्या वतीनं माफी मागितली.