सव्वीस नंबरची गाडी

"त्याला ताट वाढू नका, वहिनी," फिटर म्हणाला. "जो संपात नाही, त्याला या टेबलावर जेवण नाही."

खाणावळीच्या वहिनी हातात पळी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पस्तिशीचा माणूस दारात टोपी काढत होता. अंगात बस-ड्रायव्हरचा गणवेश. टेबलाच्या टोकाला त्याचे वडील बसले होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत. बायको गेल्याला सात महिने झाले होते. तेव्हापासून त्यांचं दोन्ही वेळचं जेवण इथेच, डेपोतल्या जुन्या मंडळींबरोबर. बुधवारी मुलगा यायचा आणि बापलेक सोबत जेवायचे.

संप सोमवारी सुरू झाला होता. डेपो ठेकेदाराच्या घशात घालायचा घाट होता, म्हणून सगळ्या गाड्या उभ्या होत्या. आज सकाळी मुलाने एक बाहेर काढली. सव्वीस नंबर.

"बाबा, जरा बाहेर येता?"

कंडक्टर उठले. बाहेर पायरीवर दोघं उभे राहिले. आतलं बोलणं थांबलं होतं.

"कशाला काढलीस गाडी?"

"सव्वीस नंबर कुठे जाते?"

"एकतीस वर्षं नोकरी केली मी. मला विचारतोस?"

"सांगा ना."

"मोठ्या दवाखान्यात."

"गेल्या वर्षीच्या संपात तुम्ही निवृत्त असूनसुद्धा डेपोच्या फाटकावर जाऊन बसलात. आई थांब्यावर दोन तास उभी होती. मग घरी परत गेली. त्या दिवशी तिचं डायलिसिस झालंच नाही."

"मला म्हणाली, जाऊन आले."

"तुम्हाला तसंच म्हणाली. मला खरं सांगितलं आणि वर बजावलं, त्यांच्या कानावर घालू नकोस. संपातली ती त्यांची माणसं आहेत, म्हणाली."

कंडक्टरांनी खांबाला हात लावला.

"जेवून तरी जा," ते म्हणाले.

"नको. तुमचं टेबल बाटेल."

कंडक्टर एकटेच आत आले तेव्हा भात गार झाला होता. वहिनींनी न विचारता दुसरा वाढला. फिटरने भाजी पुढे सरकवली. "मनाला लावून घेऊ नका, कंडक्टर. पोरगा गुणी आहे. पण आज त्याला सोडला तर उद्या दहा जण जातील."

फिटर वाईट माणूस नव्हता. कंडक्टरांची बायको गेली तेव्हा तो पहिले आठ दिवस त्यांच्या घरी झोपायला येत होता. सकाळी चहा करायचा, तोही भलताच गोड. कंडक्टर निमूट प्यायचे.

गुरुवारच्या वर्तमानपत्रात बातमी होती. आणखी पाच-सहा गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. एकीवर दगडफेक झाली, ड्रायव्हरच्या कपाळाला तीन टाके पडले. गाडीचा नंबर दिला नव्हता. कंडक्टरांनी बातमी दोनदा वाचली, पानाच्या मागची बाजूही पाहिली. मग सुनेला फोन लावला.

"त्यांची नव्हती ती," सून म्हणाली. "पण बाबा, हे आजही गेलेत. कंडक्टर कुणी यायला तयार नाही. गाडीत एकटेच असतात. तुमचं तरी ऐकतील का?"

"माझं?" कंडक्टर म्हणाले. "माझं ऐकायचं वय गेलं त्याचं."

शुक्रवारी दुपारी जेवण उरकत आलं होतं. फिटर वाटी पुसता पुसता शेजारच्याला म्हणाला, "उद्या आठची सव्वीस. पुलाखालच्या वळणावर गाडी हळू होतेच. तिथेच."

कंडक्टर समोर बसलेले. इतकी वर्षं डेपोत सोबत काढलेला माणूस. त्याच्यासमोर आवाज खाली करावा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी घास खाली ठेवला तेव्हा कुठे फिटरच्या लक्षात आलं.

"काचच फुटेल हो," तो म्हणाला. "माणसाला धक्का लागणार नाही. मी स्वतः असणार आहे ना."

"गाडीत कोण बसतं, माहीत आहे?"

"माहीत आहे. पण ठेकेदार आला की ती गाडीच बंद होणार आहे. मग कुठे बसतील?"

हेही खोटं नव्हतं. कंडक्टर उठून हात धुवायला गेले आणि नळ बराच वेळ सोडून उभे राहिले.

संध्याकाळी त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं. मुलगा म्हणाला, "मग काय करू? गाडी उभी करू? पोलिसांना कळवा."

पोलिसांना कळवायचं म्हणजे फिटरला धरून द्यायचं. कंडक्टरांनी फोन ठेवला.

शनिवारी ते आठला दहा कमी असताना थांब्यावर होते. गाडी आली. आत पंधरा-सोळा माणसं, बहुतेकांच्या मांडीवर कागदांच्या पिशव्या. ते पुढच्या दाराने चढले.

"कुठे निघालात?" मुलाने विचारलं.

"दवाखान्यात."

"बरं नाही का?"

"समोर बघ तू."

बसायला जागा होती, पण ते बसले नाहीत. पुढचं दार उघडंच ठेवून पायरीवर उभे राहिले. एका हाताने दांडा धरला, दुसऱ्याने वरची घंटेची दोरी. एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. दोन थांबे गेले. तिसऱ्या थांब्यावर मुलगा आरशात मागे न बघता घंटेसाठी थांबला.

पुलाखालचं वळण आलं. गाडी हळू झाली. खांबाआडून सहा-सात जण पुढे आले, तोंडाला रुमाल बांधलेले. त्यातला एक डावा खांदा पाडून चालत होता. गाड्यांखाली झोपून झोपून झालेला तो खांदा कंडक्टरांनी शंभर पावलांवरून ओळखला असता.

फिटरचा हात वर गेला. कंडक्टर पायरीवरून आणखी बाहेर झुकले. ओरडले नाहीत, हात जोडले नाहीत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सावकाश घे," ते मुलाला म्हणाले. "माणसं आहेत."

फिटरचा हात वरच राहिला. दुसऱ्या कुणीतरी मारलेला दगड मागच्या पत्र्यावर आदळला. एक बाई किंचाळली. कंडक्टरांनी वळून पाहिलं तर फिटर रस्त्याकडे पाठ करून उभा होता. आता त्या टेबलावर परत बसायचं नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं. फिटरलाही कळलं असणार.

दवाखान्याच्या थांब्यावर माणसं उतरली. एका म्हाताऱ्याला त्यांनी हात दिला. एका बाईची पिशवी खाली उतरवून दिली. गाडी रिकामी झाली.

मुलगा घंटेची वाट पाहत होता. कंडक्टर पायरीशी उभे होते, दारातून थोडे बाजूला सरून, वाट मोकळी ठेवून. बायकोला उतरायला वेळ लागायचा. आधी दांडा धरायची, मग एक पाय खाली, मग जरा दम घेऊन दुसरा. मागचे लोक कुरकुरायचे.

"बाबा?" मुलगा म्हणाला.

"थांब जरा."

मुलगा थांबला. इंजिन चालू होतं. कंडक्टरांनी तेवढा वेळ जाऊ दिला. मग खाली वाकून पायरी मोकळी झाल्याची खात्री केली आणि दोरी दोनदा ओढली.