आधी ब्रेक, मग मी

मित्रांनो, मी सायकलची घंटी आहे. जुनी, पितळेची, आणि सध्या एका पलंगाच्या दांड्याला बसवलेली. सायकलची घंटी पलंगावर कशी आली, हे सांगताना मला फार जड जाते. पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातला. माझ्या पोटात एक दातेरी चक्र आहे, केसासारखी बारीक स्प्रिंग आहे, आणि बाहेर अंगठ्याने दाबायची कळ आहे. पॉलिश करणाऱ्या बाई प्रत्येक घंटी कानाशी धरून वाजवून पाहत. चिरक्या घंट्या बाजूच्या टोपलीत जात. माझी पाळी आली तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "ही बघ, गोड गळ्याची!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे फुगून बसले होते. स्वतःची टिमकी वाजवू नये हे खरे, पण घंटीने आणखी करायचे तरी काय?

मला सायकलवर बसवले ते टपाल वाटणाऱ्या एका बाईंनी. लोक त्यांना टपालताई म्हणत. त्यांचा निम्मा रस्ता जुन्या कालव्याच्या काठाने जायचा. त्या वाटेवर मोटारींना बंदी होती. चालणारे, धावणारे, बाबागाडी ढकलणारे, कुत्री फिरवणारे आणि सायकलवाले अशा सगळ्यांची मिळून ती एकच वाट होती. फाटकावर पाटी होती : 'सायकलींचा वेग ताशी पंधरा किलोमीटरपेक्षा जास्त नको. चालणाऱ्यांना आधी वाट द्या.' पाटीची अक्षरे चांगली वीतभर उंचीची होती, तरी ती वाचणारे थोडेच होते.

ताईंचा स्वतःचा एक नियम होता. 'आधी ब्रेक, मग घंटी.' पुढे कोणी चालताना दिसले की वीस-पंचवीस पावले आधीच त्या वेग कमी करत, अगदी माणसाच्या चालीइतका. मग मला एकदाच वाजवत. ट्रिंग! म्हणजे, 'मी मागून येतेय, तुम्ही आपले चालत राहा.' मग हातभर अंतर सोडून पुढे जात आणि जाताना "आभारी आहे हं!" म्हणायला विसरत नसत. टपाल कचेरीतले सोबती त्यांना चिडवत, "ताई, तुमचं पत्र पोचेपर्यंत पाठवणारा काय लिहिलं ते विसरून जायचा!" त्यावर ताई म्हणत, "पोचतं ना? मग झालं तर."

चालणारेही सगळे साधुसंत नव्हते हो. चौघी मैत्रिणी हातात हात घालून अख्खी वाट अडवत, आणि गप्पा अशा की कालव्यात हत्ती पडला तरी पत्ता लागू नये. कोणी कानात गाणी खुपसलेले असायचे. कोणाचे कुत्रे एका काठाला आणि मालक दुसऱ्या काठाला, मध्ये दोरी! अशा वेळी ताई सरळ खाली उतरून सायकल हाताने ढकलत नेत. त्यांनी मला रागाने वाजवल्याचे मला एकदाही आठवत नाही.

त्या वाटेवरच मला घड्याळकाका भेटले.

काका घड्याळे दुरुस्त करायचे. दुकान उघडण्याआधी रोज सकाळी ते कालव्याकाठी फिरायला येत. त्यांच्या घड्याळांचे बारीक सुटे भाग टपालाने यायचे आणि त्यांना ते कधी एकदा मिळतात असे व्हायचे. म्हणून ताईंनी एक सोय केली होती. पुडके आले असेल तर त्या दुकानापर्यंत वाट बघायला लावत नसत, कालव्याकाठीच हातात देत. त्यासाठी त्यांची खूण ठरलेली होती. इतरांसाठी एक ट्रिंग, काकांसाठी दोन. दोन ट्रिंग ऐकले की काका जागच्या जागी वळत, हसत वाटेच्या मध्यापर्यंत येत आणि हात पुढे करत. ताई तोवर एक पाय टेकून थांबलेल्या असत. टपाल वाटेत द्यायचे नसते, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणून तर दोघे लहान मुलांसारखे गालात हसत. पुढे पुढे पुडके नसले तरी ताई मला दोनदा वाजवत, आणि काका रिकाम्या हातात नुसती 'काय, कसं काय?' एवढी विचारपूस घेऊन पुढे जात.

अशी कितीतरी वर्षे गेली. ताई निवृत्त झाल्या. मग एक दिवस काकांची डावी बाजू आजाराने लुळी पडली. दवाखान्यातून सोडताना सांगितले गेले की आता घरातल्या घरात चाललात तरी खूप झाले. काकांनी मात्र मनाशी ठरवले होते. फाटकापासून पुलापर्यंत, कोणाचाही हात न धरता चालायचे. पहिल्या महिन्यात ते फाटकापाशी दहा पावले चालून बाकावर बसले आणि रडले. ताई रोज तिथे सायकल घेऊन येत. वर बसत नसत, काकांच्या बरोबरीने ती ढकलत चालत. दीड वर्ष लागले. शेवटी पुलापर्यंत फक्त दोन बाकांचे अंतर उरले होते. काकू घरून म्हणत, "पुलाला हात लावून या, मग मी तुमची आरामखुर्ची माळ्यावर टाकते."

तेवढ्यात ताईंच्या मनगटाने साथ सोडली. ब्रेक दाबताना कळ मस्तकात जायची. त्यांनी सायकल बंद केली. काकांना निरोप धाडला, "काही दिवस तुमचे तुम्ही चाला. मनगट बरं झालं की घरी येते." त्याच सुमारास त्यांच्या लेकीने नवी सायकल घेतली. पिसासारखी हलकी आणि वेगाला बेफाम. ताई म्हणाल्या, "सायकल कुठलीही घे बाई, पण घंटी हीच लाव. माझ्या जिवाला तेवढाच आधार." लेक हसली आणि तिने मला नव्या हँडलवर बसवले.

घंटी आता लेकीकडे आहे, हे काकांना सांगायचे राहूनच गेले. ताईंच्या मनात होते, भेटायला गेल्यावर सांगू.

लेक वाईट नव्हती, मित्रांनो. ती हसरी होती, कष्टाळू होती. तिला फक्त एक खूळ लागले होते. मोबाईलवर कुठलेसे ॲप होते आणि त्यात पूल ते फाटक हे अंतर कोणी किती सेकंदांत कापले, याची यादी असायची. ती यादीत तिसरी होती. पहिल्या नंबरासाठी तिला अकरा सेकंद कमी करायचे होते. अकरा सेकंदांत माणसाची साधी चप्पलसुद्धा नीट पायात जात नाही! पण ती रोज मान खाली घालून वाऱ्यासारखी सुटायची आणि पंधराच्या पाटीखालून तीसच्या वेगाने जायची. मी हँडलवर थरथरत असायचे.

तो शुक्रवार होता. सकाळची सव्वासातची वेळ. काकांनी त्या दिवशी पुलाला हात लावला होता. एकट्याने. ते आम्हाला नंतर कळले. परत येताना ते वाटेच्या डाव्या कडेने, नियमाप्रमाणे, काठी टेकत चालले होते. लेकीला त्यांची पाठ दिसली. ती वेग कमी करू शकत होती, जागा भरपूर होती, वेळही होता. पण त्या दिवशी मोबाईलवरचे आकडे तिच्या बाजूने होते. तिने ब्रेकला हात लावला नाही. घाईघाईत तिचा अंगठा माझ्यावर पडला, एकदा आणि लगेच पुन्हा एकदा.

ट्रिंग, ट्रिंग.

काका थांबले. तीन आठवड्यांनी त्यांनी माझा आवाज ऐकला होता. ते वळले, चेहरा आनंदाने फुललेला. पुलाची बातमी कधी सांगू असे त्यांना झाले असणार. हात पुढे करून ते वाटेच्या मध्यावर आले, नेहमी येत तसे. लेक त्याच बाजूने पुढे निघाली होती.

मी जन्मभर लोकांना सावध केले, आणि त्या सकाळी मी त्यांना सायकलखाली बोलावून आणले. हे दुःख मला सोसवत नाही. मला हात असते तर मी कान झाकून घेतले असते. काठी कालव्यात पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

काकांचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण आधीच अशक्त असलेल्या पायाने पुन्हा उभे राहायचे नाव घेतले नाही. डॉक्टरांनी यावेळी 'घरातल्या घरात' असेही म्हटले नाही.

लेकीचे गुडघे फुटले होते, तरी ती घरी आली आणि दारातच आईला म्हणाली, "आई, मी घंटी वाजवली होती गं. दोनदा वाजवली. ते बाजूला व्हायचे सोडून मध्येच आले."

ताई तिथेच खाली बसल्या. दुपारी दवाखान्यात गेल्या तेव्हा काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "मला वाटलं, तूच आलीस."

घरी येऊन ताईंनी लेकीला त्या खुणेचा अर्थ सांगितला. सांगताना त्या तिला रागावल्या नाहीत. स्वतःलाच बोल लावत राहिल्या, "एक शब्द काकांना आधी सांगितला असता तर..." लेक मात्र उठली आणि म्हणाली, "नाही आई. ते कोणीही असते, आणि तू सांगितलं असतंस, तरी मी ब्रेक दाबला नव्हताच." मग तिने स्क्रू काढून मला हँडलवरून उतरवले आणि हत्यारांच्या खणात टाकले. सायकल कुलूप लावून भिंतीशी उभी केली. तिचे रडणे मी खणातून ऐकले.

दोन महिन्यांनी काकांनीच माझी चौकशी केली. "ती घंटी फेकलीत की काय? तिचा काय दोष? मला आणून द्या. आमच्या हिला स्वयंपाकघरात माझी हाक ऐकू जात नाही."

लेक मला घेऊन गेली. काकांनी उशीला टेकून मला मांडीवर घेतले, माझी पितळी टोपी उघडली, डोळ्याला भिंग लावले आणि घड्याळाचे तेल एक थेंब माझ्या चक्रावर सोडले. उजवा हात अजून तसाच सराईत होता. लेक मान खाली घालून उभी होती.

"सायकल सोडलीस म्हणे?" काकांनी विचारले.

"हो आजोबा."

"सायकल कशाला सोडलीस? घाई सोडायची होती, वेडे."

तिला हुंदका आवरला नाही. काकूंनी तिला जवळ घेतले नाही, पण बसायला खुर्ची मात्र दिली. तीच आरामखुर्ची, माळ्यावर जायची राहिलेली.

तेव्हापासून मी या पलंगावर आहे. पाणी हवे असले की काका मला वाजवतात आणि काकू पदराला हात पुसत येतात. सगळे मला चांगले वागवतात, रोज कोणीतरी पुसते. मला मात्र रस्त्यावरच्या तुमची काळजी वाटते.

मित्रांनो, माझ्यासारख्या हजारो घंट्या तुमच्या सायकलींवर बसल्या आहेत. आमच्यावर विसंबू नका. आम्ही नुसता आवाज करतो, सायकल आम्हाला थांबवता येत नाही. पुढच्या माणसाला ऐकू कमी येत असेल, तो दचकेल, चुकीच्या बाजूला सरेल, किंवा ओळखीचा आवाज समजून हसत तुमच्याकडे वळेल. तुम्हाला पाठीवरून काय कळणार? म्हणून बोटे आधी ब्रेकवर जाऊ द्या. माणूस वळला, अडखळला, मध्ये आला तरी थांबता येईल इतके हळू व्हा, आणि मग खुशाल मला वाजवा. वाट मिळाली की दोन गोड शब्द बोला. आणि चालणाऱ्यांनो, तुम्हीही कडेने चाला, एक कान मोकळा ठेवा. पण वेग ज्याच्या हातात, जबाबदारी आधी त्याची.

काल सकाळी छान ऊन पडले होते. काकू म्हणाल्या, "चाकाची खुर्ची खिडकीशी नेऊ का? कालवा दिसेल."

काका म्हणाले, "नको गं. चालणारी माणसं दिसतात."