पाडणाऱ्या अक्काचा मिक्सर

मी एक जुना मिक्सर आहे. मित्रांनो, चटणी वाटणारा नव्हे. सिमेंट, रेती आणि खडी पोटात घेऊन गरगर फिरणारा. माझा रंग उडाला आहे आणि इंजिन खोकते. तरी मला बिचारा म्हणू नका. मला ते आवडत नाही.

राजकोटच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. दोन ठेकेदारांनी मला भरपूर राबवले आणि एरंडोलला एका बाभळीखाली टाकून दिले. तिथून मंजुळाबाईंनी मला नेले. त्या स्लॅबच्या कामावर घमेली वाहायच्या. आता त्या स्वतः ठेका घेणार म्हटल्यावर गवंडी हसले.

"अक्का, घमेलं उचलनं येगळं नि ठेका लेनं येगळं," एक जण म्हणाला.

"मंग दोन्ही करीसन दखाडसू," त्या म्हणाल्या.

आणि दाखवले. आधी एरंडोलला दोन खोल्यांचे घर, मग घरांच्या ओळी, मग धुळ्यात देवपूरला चार मजली इमारतीचे काम घेतले. त्या दिवसांत लोक मला हार घालायचे. धुळ्याच्या कामात प्रेमराज नावाचा भागीदार होता.

मंजुळाबाई आणि मी एरंडोलच्या एका कामावर होतो. तेवढ्यात इकडे धुळ्याला प्रेमराजने दुसरे यंत्र आणून मातकट रेतीत पहिल्या मजल्याचे कॉलम भरून टाकले. आम्ही परतलो तेव्हा इंजिनिअर मृणाली वाट पाहत होती.

"अक्का, चाचणीत हे कॉलम कच्चे निघाले. वरचे मजले पेलणार नाहीत."

"पलस्तर व्हयनं का कोनले दिखस?" प्रेमराज म्हणाला.

मंजुळाबाईंनी एका कॉलमवर हात ठेवला. त्यांच्या साऱ्या आयुष्याची कमाई तिथे उभी होती.

"आठे ज्या राहतीन, त्यास्ना पोरे याना खाले झोपतीन," त्या म्हणाल्या. "पाडा. बठ्ठं पाडा."

मजला पडू लागला तशी गर्दी जमली. ज्यांनी घरे ठरवली होती ते चिडून आले. निवृत्त नर्स कमलबाईंनी विचारले, "मग आमचं घर कधी?"

"उशिरा मिळेल, ताई. पण झोप लागेल असं मिळेल," मंजुळाबाई म्हणाल्या.

कमलबाई थांबल्या, बरेच जण निघून गेले. प्रेमराजनेही भागीदारी सोडली आणि गावभर नाव पसरवले, 'पाडणारी अक्का'. मंजुळाबाईंनी रंगारी बोलावला आणि तेच नाव ठळक अक्षरांत माझ्या पोटावर लिहून घेतले. ते मिरवत मी त्याच जागी पुन्हा फिरलो. उरलेल्या पैशांत चारऐवजी दोनच मजले झाले. कमलबाई तळमजल्यावर राहतात.

आता मोठी कामे तयार काँक्रीट आणणाऱ्या मोठ्या गाड्यांकडे जातात. मला रंगवून ऑफिससमोर शोभेला ठेवा, असे कोणी सुचवले. "त्याचं काम अजून संपलं नाही," मंजुळाबाई म्हणाल्या. कालच पहूरला एका घराचा पाया भरून आलो.

तेव्हा मित्रांनो, मला हार नको. संध्याकाळी पोटात पाणी आणि थोडी खडी टाकून फिरवा, स्वच्छ धुवा. आत वाळलेले सिमेंट माझ्यासारख्याचा जीव घेते. एवढे केलेत तर तुमचीही घरे मी बांधीन. रेती मात्र चाळून आणा. मातकट असेल तर माझ्याजवळ आणूच नका. मंजुळाबाई अजून रोज कामावर येतात.