माझ्या पायाशी पाणी ओतू नका

मित्रांनो, मी एक म्हातारा वाळूचा दगड. म्हातारा म्हणजे किती? पाखरू नव्हतं, गवत नव्हतं, तेव्हा चांद्याकडच्या एका नदीच्या तळाशी मी वाळू होतो. थरावर थर निजत गेले आणि मी दगड झालो. आडवं निजणं हाच माझा स्वभाव.

चौऱ्याहत्तर साली एका धर्मशाळेच्या फरशीसाठी मला खाणीतून काढलं. वारंगा फाट्याजवळ ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, तेव्हा ओझं कमी करायला मला रस्त्याकडेलाच टाकून दिलं. जवळच्या तांड्यावरच्या भावसिंगला नव्या घराच्या दाराला खांब हवा होता. त्यानं मला बैलगाडीतून घरी नेलं.

ते घर बांधणाऱ्या पुंजाजी मिस्तरीचा सारा जन्म काळ्या दगडात गेलेला. काळा दगड कसाही बसवा, कुरकुरत नाही. त्यानं मला उभं केलं आणि डोक्यावर तुळई ठेवली.

"कसा शोभून राहिला बघ, भावसिंग!" तो म्हणाला. कौतुक कुणाला नको असतं? मीही सुखावलो.

पण माझे थर उभे केले, की त्यांत ओल शिरते आणि ते सुटू लागतात. पावसाळ्यात माझा एक पापुद्रा गळाला. आतून त्या जुन्या नदीच्या, वाळूत उमटून राहिलेल्या लाटा निघाल्या, आणि त्यांवरून कुठला तरी जीव सरपटत गेल्याची रेघ. भावसिंगची बायको जमनाबाई मागे सरली.

"अवो, दगडात पाणी हालून राहिलं!"

"हात जोड. देव हाय त्यो," भावसिंग म्हणाला.

तेव्हापासून रोज सकाळी माझ्या पायाशी तांब्याभर पाणी पडू लागलं. मी ते पिणारच, माझी जातच तशी. त्याच तुळईला त्यांच्या तान्ह्या लेकराची झोळी होती. मी आतून तडकत होतो, आणि सांगायला तोंड नव्हतं. वाळूचे कण तेवढे झोळीत पडत. जमनाबाई ते अंगारा म्हणून लेकराच्या कपाळाला लावी. मित्रांनो, तेव्हा मला माझीच भीती वाटली.

एका दुपारी माझं अर्धं अंग सुटून पडलं. त्या आवाजानं जमनाबाई लेकराला उचलून अंगणात धावली, आणि मागे तुळई कोसळली. रिकामी झोळी ढिगाखाली गेली.

"देवानं हाक मारली म्हून लेकरू वाचलं!" जो तो म्हणू लागला. पुंजाजीनं मला धुतलं, शेंदूर लावला आणि उरलेला मी नव्या तुळईखाली पुन्हा उभा राहिलो. आता साऱ्या तांड्याचं पाणी माझ्या पायाशी येतं.

मित्रांनो, दगड बसवण्याआधी तो कसा निजला होता ते पाहा. मला आडवं ठेवा, उंबरा करा, ओटा करा, तुमच्या नातवंडांनाही अंगावर खेळवीन. पण आता उपदेशाला वेळ नाही. नवी झोळी टांगली आहे, लेकरू झोपलं आहे, आणि माझ्यातून वाळू गळू लागली आहे. कुणी ऐकत असाल, तर आधी त्याला बाहेर न्या.